अर्ध्या डॉलरची लस

सहारा वाळवंटाच्या दक्षिणेला, सेनेगलपासून इथिओपियापर्यंत, आफ्रिकेच्या आरपार गेलेला एक पट्टा आहे. डिसेंबर उजाडला की तिथे हरमटान हा कोरडा, धुळीने भरलेला वारा सुटतो. घसे सुकतात, आतला नाजूक पापुद्रा दुखावतो आणि एरवी घशात गुपचूप राहणारा मेनिंजायटिसचा जीवाणू रक्तात उतरून मेंदूच्या आवरणापर्यंत पोहोचतो. १९९६-९७च्या साथीत या पट्ट्यात अडीच लाखांहून अधिक लोक आजारी पडले आणि सुमारे २५ हजार दगावले. जगलेल्यांतली कित्येक मुले कायमची बहिरी झाली. पहिला पाऊस येईपर्यंत साथ हटत नसे. पुढे बुर्किना फासोत झालेल्या पाहणीत, घरातले एक माणूस आजारी पडले की त्या कुटुंबाचे सरासरी ९० डॉलर जातात असे आढळले. दरडोई वार्षिक उत्पन्नाचा हा जवळजवळ तिसरा हिस्सा!

लस तेव्हाही होती, पण ती तोकडी होती. जीवाणूच्या बाह्य कवचातल्या शर्करेपासून ती बनत असे. दोन वर्षांखालच्या बाळांची प्रतिकारशक्ती अशा शर्करेला नीट दाद देत नाही, मोठ्यांमधला प्रभावही काही वर्षांत ओसरतो. त्यामुळे साथ आली की लस घेऊन धावायचे, एवढेच सरकारांच्या हाती उरे. उपाय शास्त्रज्ञांना ठाऊक होता: ही शर्करा एखाद्या प्रथिनाला रासायनिक बंधाने जोडायची. अशी जोडलस बाळांनाही चालते आणि घशातला जीवाणूच हटवते, त्यामुळे लस न घेतलेल्या शेजाऱ्यालाही संरक्षण मिळते. श्रीमंत देशांत अशा लसी निघाल्याही होत्या. या पट्ट्यातल्या बहुतेक साथींमागे असलेल्या जीवाणूच्या 'ए' गटासाठी मात्र कोणी पुढे येईना, कारण गिऱ्हाईक गरीब होते.

२००१ साली पाथ ही संस्था आणि जागतिक आरोग्य संघटना यांनी गेट्स फाउंडेशनच्या सात कोटी डॉलरच्या मदतीने 'मेनिंजायटिस व्हॅक्सिन प्रोजेक्ट' सुरू केला. प्रमुख होते डॉ. मार्क लाफोर्स. त्यांनी आधी आफ्रिकी आरोग्य अधिकाऱ्यांना किंमत विचारली. उत्तर स्पष्ट होते: अर्ध्या डॉलरहून महाग लस आम्हाला परवडणार नाही. आधी भाव ठरला, मग त्यात बसेल असे विज्ञान शोधले गेले. या साऱ्या हकिकतीत सर्वांत मोलाची गोष्ट मला हीच वाटते.

मोठ्या कंपन्यांशी बोलणी फिसकटली आणि प्रकल्प पुण्याच्या हडपसरला, सीरम इन्स्टिट्यूटच्या दारी आला. सायरस पूनावाला यांनी १९६६ साली काढलेल्या या संस्थेचा धनुर्वाताच्या लसीत हात बसलेला होता, आणि शर्करेला जोडायचे प्रथिन म्हणून नेमके धनुर्वाताचे टॉक्सॉइडच, म्हणजे निष्प्रभ केलेले विषच, हवे होते. शर्करा सुरुवातीला ॲम्स्टरडॅमच्या एका कंपनीकडून आली. दोन्ही जोडण्याची कार्यक्षम पद्धत अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनातले चे-हंग रॉबर्ट ली आणि कार्ल फ्रॅश यांनी शोधली होती. ती पुण्याच्या शास्त्रज्ञांनी शिकून घेतली. पहिली मानवी चाचणी २००५ साली भारतात झाली, पुढच्या माली, गाम्बियासारख्या देशांत. एकट्या कोणत्याही देशाकडून हे झाले नसते. तरीही मला वाटते, भारताकडे कारखाना नुसता असून भागले नसते. परकी पद्धत आत्मसात करून ती लाखो कुप्यांत तशीच उतरवणारी माणसे आधीपासून तयार होती, म्हणून हे जमले.

६ डिसेंबर २०१० रोजी बुर्किना फासोत 'मेनआफ्रिव्हॅक' नावाच्या या लसीची मोहीम सुरू झाली आणि अवघ्या काही दिवसांत १ ते २९ वयोगटातल्या एक कोटीहून अधिक लोकांना लस मिळाली. चाडमध्ये तर शास्त्रज्ञांनी लोकांचे घसे तपासले. लसीकरणानंतर 'ए' गटाचा जीवाणू बाळगणारे जवळपास उरलेच नव्हते. साठवणुकीची अडचणही हलकी झाली. ही लस चाळीस अंशांपर्यंतच्या उष्णतेत चार दिवस टिकते असे सिद्ध झाल्यावर २०१२ साली बेनिनच्या बानिकोआरा भागात ती बर्फाविना गावोगाव नेण्यात आली. लांबच्या वस्तीवर पायी किंवा मोटरसायकलवर जाणाऱ्या आरोग्यसेविकेचे ओझे यामुळे किती कमी झाले असेल! पट्ट्यातल्या देशांत तीस कोटींहून अधिक लोकांना ही लस मिळाली आणि २०१७ नंतर तिथे 'ए' गटाचा एकही खात्रीशीर रुग्ण आढळलेला नाही.

रोग मात्र संपलेला नाही. 'सी', 'डब्ल्यू' आणि 'एक्स' हे गट डोके वर काढत राहिले. २०१७ सालीच नायजेरियात 'सी' गटाने मोठी साथ आणली. 'एक्स'वर तर जगात लसच नव्हती. म्हणून सीरम आणि पाथ यांनी ब्रिटिश सरकारच्या निधीतून पाच गटांवरची लस तयार केली. २०२३ साली तिला जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता मिळाली आणि २०२४ साली नायजेरियाने ती सर्वांत आधी वापरली. नऊ ते अठरा महिन्यांच्या बाळांना तिची एक मात्रा नेहमीच्या लसींबरोबर द्यावी, अशी शिफारस आता या पट्ट्यातल्या सर्व देशांना करण्यात आली आहे.