धावपळीच्या नोकरीत निसर्गोपचाराचे स्थान

आपल्या रायगड किनाऱ्याचे जीवनमान आमच्या डोळ्यांदेखत पालटले आहे. थळचा खत कारखाना, १९८९ साली कार्यान्वित झालेले न्हावाशेवा बंदर आणि मांडव्याहून मुंबई गाठणाऱ्या लाँच यांनी घरोघरी पगार आणला. त्याबरोबरच रात्रपाळी, अवेळी जेवण व अपुरी झोपही आणली. उच्च रक्तदाब व मधुमेह यांचे रुग्ण आता ऐन कर्त्या वयात आमच्याकडे येतात. त्यांपैकी अनेकजण निसर्गोपचाराविषयी आस्थेने विचारणा करतात. त्यांच्यासाठी हे विवेचन.

निसर्गोपचारतज्ज्ञ रोगाच्या नावापाशी थांबत नाहीत. ते रुग्णाची संपूर्ण दिनचर्या विचारतात. पृथ्वी, जल, तेज, वायू व आकाश या पंचतत्त्वांवर त्यांची पद्धती आधारलेली आहे. पोटावर ओल्या मातीची पट्टी, कटिस्नान, सूर्यस्नान, मोकळ्या हवेतील चालणे, मिताहार आणि विश्रांती ही त्यांची साधने होत.

महाराष्ट्रात या उपचारास मोठी परंपरा आहे. पुण्यास डॉ. दिनशा मेहता यांच्या निसर्गोपचार केंद्रात महात्मा गांधी वास्तव्यास असत. मात्र खेड्यातील गरीब रुग्ण शहरातील केंद्रात येऊ शकणार नाही, हे ध्यानी आल्यावर त्यांनी मार्च १९४६ मध्ये उरुळीकांचन येथे हे कार्य सुरू केले. पुढे मणिभाई देसाई यांनी तेथील आश्रम वाढविला. सारांश, निसर्गोपचार ही श्रीमंतांची सुट्टीतील चैन नव्हे. त्याचा गाभा अल्पखर्ची आहे.

नोकरदारास दहा दिवस आश्रमात राहणे जमतेच असे नाही. त्याने घरीच आरंभ करावा. आठवड्यास किमान १५० मिनिटे झपझप चालावे. धक्क्यापर्यंत रिक्षाऐवजी पायी गेल्यास निम्मा हिशेब तेथेच पुरा होतो. मीठ दिवसाकाठी ५ ग्रॅमपेक्षा, म्हणजे एका लहान चमच्यापेक्षा, कमी असावे. सुकट, सुके बोंबील, पापड व लोणचे यांतील मीठही त्यातच धरावे. नाचणीची भाकरी, शेवग्याची भाजी व ताजी मासळी आपल्या दारीच आहे. रात्रपाळी असल्यास दिवसा अंधाऱ्या खोलीत सलग झोप घ्यावी आणि त्या वेळी फोन दूर ठेवावा.

येथे एक इशारा देणे आम्ही कर्तव्य समजतो. अहवाल वर्षात पन्नाशीच्या आतील एक गृहस्थ अर्धांगवायूच्या झटक्याने आमच्याकडे दाखल झाले. आहार बदलल्यावर त्यांना हलके वाटू लागले, म्हणून त्यांनी रक्तदाबाची गोळी परस्पर बंद केली होती. वाढलेला रक्तदाब बहुधा कोणतेही लक्षण दाखवीत नाही. बरे वाटणे म्हणजे रक्तदाब आटोक्यात असणे नव्हे. ते आता चालतात, परंतु उजव्या हाताने पूर्वीसारखी सही करू शकत नाहीत. त्यांचे बिल मांडताना महिन्याच्या गोळ्यांचा खर्च आमच्या मनात आला, आणि ही तफावत कोणत्याही ताळेबंदात बसणारी नाही हेही जाणवले. मधुमेहींनी तर सल्ल्याविना लंघन करूच नये. औषध चालू असता रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते.

निसर्गोपचाराचे पुरस्कर्ते असलेल्या गांधीजींनीही जानेवारी १९२४ मध्ये पुण्याच्या ससून रुग्णालयात आंत्रपुच्छाची शस्त्रक्रिया करून घेतली होती, हे स्मरणात ठेवावे. प्रत्येक उपचाराची वेळ व मर्यादा असते. चालण्याने आणि आहाराने रक्तदाब खरोखर उतरतो. तसा तो उतरला, तर गोळी कमी करण्याचा निर्णय नोंदी पाहून डॉक्टरांनी घ्यावा.

तरी आपण निसर्गोपचार अवश्य सुरू करावा. मात्र आपल्या डॉक्टरांना तसे सांगावे, औषधांची चिठ्ठी दोन्हीकडे दाखवावी आणि रक्तदाब नियमित तपासून त्याची नोंद ठेवावी, ही आमची नम्र विनंती. आमच्या खाटा रिकाम्या राहिल्या तर जमेची बाजू घटेल खरी. परंतु ती घट ट्रस्ट आनंदाने सोसेल.