दुसऱ्यांची मनगटं

पहाटे ५.२०
बाणेरमधल्या एका इमारतीचं तळघर. शटर अर्धं वर. वस्ताद मॅट पुसतायत. आधी झाडू, मग जंतुनाशकाचा मॉप, मग कोरडं फडकं. कोपरे हातानं. पाच लिटरचा कॅन सव्वाचारशेला येतो आणि महिनाभर पुरवायचा असतो. पाणी जास्त घातलं तर एकाचं गजकर्ण आठवड्यात पाच जणांना होतं.

वस्ताद कागलकडचे, चाळिशी ओलांडलेले. तरुणपण कोल्हापूरच्या तालमीत गेलं. हौद्यात माती खणायची, मातीत हळद, ताक, तेल कालवायचं. गुडघा गेला, मैदानं सुटली. पुण्यात येऊन ब्राझिलियन जिउ-जित्सू शिकले. आता कमरेला पर्पल बेल्ट आहे. पगार २२ हजार, शिवाय पर्सनल सेशनचे निम्मे पैसे. कागदावर ते ‘कोच’ आहेत, पण सगळे वस्तादच म्हणतात.

सकाळी ६.३०
अकरा जण आलेत. तिघं लॅपटॉपवर काम करणारे, एक दंतवैद्य मॅडम, एक केक करणारा, एक मोबाइल दुरुस्त करणारा. सगळ्यांची पोटं मनगटावर चालतात. वस्तादांना हे पाठ आहे. जोडी लावतानाही ते बेल्टच्या आधी धंदा बघतात.

हाताला गुंडाळायच्या टेपचा रोल १४० रुपयांना. ज्याचा त्यानं आणायचा असा नियम आहे, पण रोज कुणीतरी विसरतंच. वस्ताद आपल्या रोलमधून वीतभर फाडून देतात आणि भिंतीवरच्या वहीत नाव लिहितात.

आज रिस्टलॉक, म्हणजे मनगटाचा लॉक. पांढरे बेल्ट पलीकडच्या कोपऱ्यात पट काढायला. हा डाव निळ्या बेल्टपासून पुढे, तोही मोठ्या माणसांनाच. आंतरराष्ट्रीय फेडरेशनच्या स्पर्धेतही असंच आहे. ज्यूदोत फक्त कोपरावर लॉक चालतो. सांबोत पायाचे लॉक चालतात, मनगटाचा नाही. कुस्तीत तर बोट पिरगाळलं तरी पंच शिट्टी मारतो.

वस्ताद केकवाल्याला खाली झोपवतात आणि आर्मबारला, म्हणजे कोपराच्या लॉकला, जातात. केकवाला सवयीनं हात दुमडून छातीशी घेतो. मोठ्या लॉकपासून वाचायची हीच रीत. पण वाचवताना मनगट समोर येतं. वस्ताद त्याचं कोपर आपल्या छातीला चिकटवतात, दोन्ही तळवे त्याच्या पंजाच्या मागच्या बाजूला ठेवतात आणि पंजा आतल्या बाजूला, हाताकडे वाकवत नेतात. झटका नाही. छाती तेवढी पुढे येते.

“कोपर मोकळं राहिलं तर तो मागं खेचून सुटतोय. कोपर अडकलं की मनगटाला जायला जागाच न्हाय.”

केकवाला दुसऱ्या हातानं मांडीवर थापटतो. टॅप. वस्तादांचे हात तिथल्या तिथे सैल.

“ताकद नको लावू. वजन दे. आन त्याचा टॅप यायची वाट बघत बसू नको. लागलाय असं तुला कळलं की थांब.”

हा चोरटा, हलका डाव आहे असं म्हणणारे बरेच भेटतात. त्यांनी एकदा कोपर अडकवून घ्यावं. मी घेतलं. निरोगी मनगट आत साधारण ८० अंश वाकतं. तोवर नुसता ताण असतो, आणि त्यापुढे दुखणं सुरू होणं आणि दुखापत होणं यांत श्वास घ्यायलाही वेळ नसतो. कोपराचा लॉक येताना दिसतो, विचार करायला सवड देतो. मनगटात आठ छोटी हाडं दोन रांगांत बसलेली आणि लिव्हर आखूड. वर थोडा पीळ दिला तर करंगळीच्या बाजूची कूर्चाही ताणली जाते. शिवाय पकडलेला हात टॅपला उपयोगी नाही. म्हणून इथे तोंडानं ‘टॅप’ म्हणायचीही सवय लावतात. पायानं मॅट बडवली तरी चालते.

प्रत्येकानं वीस वेळा करायचं, मनात तीन मोजत. दंतवैद्य मॅडम पाच मोजतात. कुणी त्यांना घाई करत नाही.

दुपारी १२.१५
पर्सनल सेशन, सातशे रुपये. वस्तादांच्या हातात साडेतीनशे. मग डबा: भाकरी, उसळ, दोन उकडलेली अंडी. मॅटवरच आडवे होतात. झोपेतही उजवं मनगट छातीवर सरळ ठेवलेलं. ते मातीतच कधीतरी गेलं होतं. हाडवैद्यानं बसवलं, पण आजही बरणीचं झाकण त्यांना डाव्या हातानं उघडावं लागतं.

सायंकाळी ५.३०
मुलांची बॅच. लॉक नाहीत. पकड, पडणं, उठणं, पळणं. एक आई फी दोन हप्त्यांत देऊ का विचारते. वस्ताद मालकाला फोन लावतात.

रात्री ८.००
रोलिंग, म्हणजे जोडीनं मोकळी झुंज. पाच-पाच मिनिटांच्या फेऱ्या. मोबाइलवाल्याला आज निळा बेल्ट मिळून आठवडा झाला, सकाळचा डाव अंगात आहे. समोर एक आयटीतला, दमलेला. मोबाइलवाला कोपर अडकवतो आणि पंजा खाली झटकतो.

“ए, सोड!”

सोडलं. आयटीवाला मनगट फिरवून बघतो, हसतो, ठीक आहे म्हणतो. वस्ताद हसत नाहीत. त्याला बाकावर बसवतात. अंगठा ताणल्यावर बुडाशी जो खळगा दिसतो, तिथे बोटानं दाबतात.

“इथं दुखतंय?”

“नाही.”

“इथं दुखलं तर नुसता बर्फ लावून बसायचं न्हाय. तिथलं हाड मोडलं तर पहिल्या फोटोत दिसतंच असं न्हाय. दहा-बारा दिवसांनी परत काढायला लागतोय.” त्या हाडाला रक्तपुरवठा उलट्या बाजूनं येतो, म्हणून ते जुळायला वेळ घेतं. हे त्यांना एका ऑर्थोपेडिक डॉक्टरांनी शिकवलं. तेही इथलेच, ब्राउन बेल्ट.

मोबाइलवाला उरलेल्या फेऱ्या बाकावर. त्याला ओरडा बसत नाही. एवढंच सांगतात, “उद्या सकाळी तुझ्या हातावर मॅडम करतील. पन्नास वेळा.”

रात्री ९.५०
हिशेब. टेप वहीप्रमाणे साडेतीन रोल, वसूल दोनाचे. गेल्या महिन्यात एकानं हट्टानं टॅप दिला नव्हता. त्याचा हात अजून प्लास्टरमध्ये. त्याची साडेतीन हजारांची फी मालकानं पुढच्या महिन्यात वळती केली. त्याच्या चार पर्सनल सेशनचे आगाऊ पैसेही परत गेले, म्हणजे वस्तादांचे चौदाशे कमी. ते रकान्यात ‘मनगट’ असं लिहितात, समोर आकडा टाकतात आणि पान उलटतात.