पाच बरोबर पाच, तरी वजन कमी

ऑगस्ट १९५५ मध्ये जिनिव्हा येथे अणुऊर्जेच्या शांततामय वापराविषयी आंतरराष्ट्रीय परिषद भरली. अध्यक्ष होते डॉ. होमी भाभा. येत्या दोन दशकांत संमीलनाची ऊर्जा माणसाच्या ताब्यात येईल आणि मग समुद्रातल्या जड हायड्रोजनइतके मुबलक इंधन मिळेल, असे भाकीत त्यांनी तिथे केले. मुदत केव्हाच टळली, ते असो. मला त्यातला ‘जड’ हा शब्द महत्त्वाचा वाटतो.

साध्या हायड्रोजनच्या केंद्रकात एकच प्रोटॉन असतो. ड्यूटेरियममध्ये, म्हणजे जड हायड्रोजनमध्ये, त्याच्या जोडीला एक न्यूट्रॉन असतो, ट्रिटियममध्ये दोन. प्रोटॉन आणि न्यूट्रॉन यांची ही एकूण संख्या म्हणजे अणुवस्तुमानांक. पृथ्वीवर घडवून आणायला त्यातल्या त्यात सोपे संमीलन असे :

ड्यूटेरियम (२) + ट्रिटियम (३) → हेलियम (४) + न्यूट्रॉन (१)

डावीकडे पाच, उजवीकडे पाच. कित्येक वर्षे मी इथेच अडून बसलो होतो. दोन्ही बाजू सारख्याच, तर आइन्स्टाइनच्या सूत्रात घालायला वस्तुमान उरले कुठे? विचारायला कोणी नव्हते. चूक माझी, पण थोडी त्या शब्दाचीही. ‘अणुवस्तुमानांक’ वाचताना नजर ‘वस्तुमाना’वर थांबते, खरा अर्थ शेवटच्या ‘अंका’त आहे. ते वजन नव्हे, मोजदाद आहे.

आमच्या यवतमाळकडे वेचणीच्या दिवसांत दवाने ओला कापूस पाच गाठोड्यांत बांधला, तर सुकल्यावरही गाठोडी पाचच राहतात. काट्यावर मात्र वजन कमी भरते. (दाखला इथपर्यंतच चालतो. कापसातून पाणी जाते. केंद्रकातून एकही कण हरवत नाही, कण अधिक घट्ट बांधले गेले की वस्तुमानच घटते.)

आता काट्यावरचे आकडे पाहा. अणुवस्तुमानाच्या एककात ड्यूटेरियम २.०१४१० आणि ट्रिटियम ३.०१६०५, बेरीज ५.०३०१५. हेलियम ४.००२६० आणि न्यूट्रॉन १.००८६७, बेरीज ५.०११२७. तूट ०.०१८८८, म्हणजे एक किलो मिश्रणामागे जेमतेम पावणेचार ग्रॅम. पण तेवढ्यातून निघणारी ऊर्जा विजेच्या मापात नऊ कोटी युनिटांहून अधिक भरते.

मोजदाद मग निरुपयोगी? मुळीच नाही. भाभांच्या समुद्रात हायड्रोजनच्या सुमारे ६,४०० अणूंमागे एक ड्यूटेरियमचा असतो, तेव्हा ‘२’ विपुल आहे. ‘३’ मात्र निसर्गात नगण्य. ट्रिटियम सव्वाबारा वर्षांत निम्मे होते. ते घडवावे लागते, आणि कसे ते अंकच सांगतात :

लिथियम (६) + न्यूट्रॉन (१) → हेलियम (४) + ट्रिटियम (३)

सात बरोबर सात. पहिल्या समीकरणाच्या टोकाला उरलेला, मला वर्षानुवर्षे फालतू वाटलेला तो ‘१’ इथे कामाला लागतो. म्हणून संमीलन भट्टीभोवती लिथियमचे वेष्टन घालण्याची योजना आहे. न्यूट्रॉन त्यातून निसटले, तर समुद्र भरलेला असूनही भट्टी विझेल.