खंदकातला काळा थर

सकाळी आठ. दक्षिण कोरियातल्या ग्योंगजूच्या वोल्सोंग टेकडीच्या पायथ्याशी खंदकाच्या उत्खननावरच्या ताडपत्र्या गुंडाळल्या जातात, रात्रभर झिरपलेलं पाणी पंपाने उपसतात. वोल्सोंग म्हणजे चंद्रकोरीचा किल्ला, टेकडीचा आकारच तसा. सिल्ला या प्राचीन कोरियन राज्याच्या राजांचा वाडा इथे होता. 935 साली राज्य संपलं, आता वर गवत आणि झाडं उरलीत. वाड्याचं बरंचसं गुपित खाली, खंदकाच्या गाळात आहे.

नऊ. हातात होमी, म्हणजे वाकड्या पात्याचं कोरियन खुरपं. एरवी ते शेतात तण काढतं. मातीचा रंग बदलला की हात थांबतो, मोजमाप, फोटो, मग पुढे. काळा ओला थर लागला की होमी बाजूला ठेवून बांबूची काडी घ्यायची. या थरात हवा पोचत नाही, म्हणून लाकूड कुजत नाही. पण ते इतकं मऊ झालेलं असतं की लोखंडाचा ओरखडा कायमचा राहतो. इथूनच सुमारे 40 सेंटीमीटर लांबीची छोटी लाकडी होडी मिळाली.

अकराच्या सुमाराला पश्चिम तटाकडे नजर जातेच. तिथे 2017 साली तटाच्या पायाशी दोन माणसांचे सांगाडे सापडले. तट टिकावा म्हणून दिलेले बळी. राजवाड्याच्या वैभवाबद्दल लिहिताना या दोघांना वगळणं मला मान्य नाही.

बारा ते एक जेवण.

दीडपासून चाळणी. गाळ पाण्याखाली धुवायचा, चाळणीत उरेल ते चिमट्याने वेचायचं. पीचच्या बिया, आणि मखान्याच्याही. आपण उपासाला तुपात परततो, तोच मखाना सिल्लाच्या खंदकात उगवत होता. मला हा वेळ दिवसातला सर्वांत मोलाचा वाटतो.

चार. मिळालेलं लाकूड लगेच पाण्याच्या डब्यात जातं, ते एकदम वाळू द्यायचं नसतं. जवळच्या वोल्जी तळ्यात 1975-76 च्या उत्खननात चौदा बाजूंचा लाकडी फासा मिळाला होता. त्यावर दारूच्या बैठकीतल्या शिक्षा कोरलेल्या होत्या: एका दमात तीन प्याले, गाण्याविना नाच. तो भट्टीत वाळवताना जळून गेला. आज उरल्यात त्या प्रतिकृती. ही हळहळ संपत नाही. आता लाकडातलं पाणी सावकाश काढून मेणासारखं रसायन भरतात. त्याला महिने लागतात, कधी वर्षंही.

पाच वाजता डब्यावर थराचा क्रमांक आणि तारीख लिहिली जाते. उघड्या लाकडावर पाणी शिंपडून ओलं कापड घालतात. वरून ताडपत्री.