कॅसेटीतील हरिकथा आणि संगणक

तंजावरचे मराठी राज्य १८५५ मध्ये संपले. मराठी कीर्तनाचे वळण मात्र तमिळ प्रदेशात त्यानंतरच अधिक खोल रुजले. १९व्या शतकाच्या उत्तरार्धात तंजावरात झालेली रामचंद्रबुवा मोरगावकरांची निरूपणे ऐकून कृष्ण भागवतरांनी तमिळ हरिकथेला जे रूप दिले, त्यात साकी, दिंडी, ओवी आणि अभंग कायमचे येऊन बसले. पुढे ही परंपरा मद्रासच्या, म्हणजे आजच्या चेन्नईच्या, सभांतून नांदली. तिचा छापील पुरावा एका बाबतीत मुका आहे. देवनागरीत तालव्य व दंत्य 'च' एकाच अक्षराने लिहिला जातो. तेव्हा तमिळभाषक भागवतर मराठी पद्य म्हणताना हा भेद राखतो की नाही, हे पोथीवरून कधीच कळणार नाही. ते ध्वनिमुद्रणावरूनच कळेल, आणि अशी पुष्कळशी मुद्रणे घरगुती कॅसेटींवर आहेत.

फिलिप्स कंपनीने १९६३ मध्ये पुढे आणलेली ही कॅसेट मुळात संग्रहासाठी नव्हतीच. तिच्यातील फीत जेमतेम ३.८ मिलिमीटर रुंद असून सेकंदाला सुमारे ४.७६ सेंटिमीटर वेगाने सरकते. ९० मिनिटांच्या कॅसेटीतील फीत ६० मिनिटांच्या फितीहून पातळ असते व लवकर ताणते किंवा गुंतते. त्यात चेन्नईची समुद्रकाठची दमट हवा. बंद कपाटातील फितीच्या कडांवर पांढरी बुरशी धरते. अशी कॅसेट यंत्रात घातल्यास बुरशी वाचकशीर्षावर चढते आणि पुढच्या निरोगी कॅसेटींनाही लागते. म्हणून ती आधी वेगळी काढून, साफ करूनच वाजवावी लागते.

संगणकावर उतरविण्याचे काम दिसते सोपे. पण खरी परीक्षा संगणकापाशी नसून वाजविणाऱ्या यंत्रापाशी असते. वाचकशीर्षाचा फितीशी असलेला कोन मूळ मुद्रणयंत्राच्या कोनाशी जुळला नाही, तर ध्वनीतील उंच कंपने हरवतात. मराठीतील 'स', 'श' आणि दंत्य 'च' यांची ओळख नेमकी त्याच कंपनांत असते! त्यामुळे प्रत्येक कॅसेटीसाठी तो कोन कानाने ऐकत नव्याने जुळवावा लागतो. वेगाचा प्रश्नही असाच आहे. गायकाची श्रुती माहीत नसेल, तर फीत जलद चालते आहे की मंद, हे स्वरावरून ठरत नाही. मूळ मुद्रणात विजेची गुणगुण उतरली असेल, तर भारतात ती ५० हर्ट्झची असते, हा आधार सापडतो. एरवी दोष मानली जाणारी ही गुणगुण येथे साक्षीदार ठरते.

यंत्रातून निघालेला ध्वनी ९६ किलोहर्ट्झ व २४ बिट या मापाने, संकोच न करता साठवावा, हा आज रुळलेला संकेत आहे. एका तासाच्या द्विमार्गी मुद्रणाला त्यासाठी सुमारे दोन गिगाबाइट जागा लागते. एमपी३ ही ऐकण्याची प्रत, जपण्याची नव्हे. खरखर काढण्याचा मोह तर मूळ संगणकीय प्रतीच्या बाबतीत कटाक्षाने टाळावा. खरखरीबरोबर ऊष्म व्यंजनेही पुसट होतात. शुद्धीकरण करावयाचे ते दुसऱ्या प्रतीवर.

घाई करण्यास कारण आहे. युनेस्को व ध्वनिसंग्रहालयांची आंतरराष्ट्रीय संघटना यांनी २०१९ मध्ये चुंबकीय फितींविषयी इशारा दिला, तो फिती नासतात एवढ्यापुरता नव्हता. त्या वाजविणारी चांगली यंत्रे आणि त्यांचे सुटे भाग दुर्मीळ होत आहेत, हा त्याचा गाभा होता. चेन्नईच्या म्युझिक अकॅडेमीत टॅग नावाचे संगणकीय श्रवणदालन उभे राहिले, तसे कर्नाटक संगीताचे पुष्कळ धन वाचले. महाराष्ट्रात हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हँ यांनी जमविलेल्या जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्यांपैकी काहींचे आवाज आज संगणकावर ऐकता येतात. तमिळ हरिकथेतील मराठी मात्र दोन्हींकडच्या सीमेवर राहते.

याचे एक कारण नोंदणीत आहे. कॅसेटीवरील चिठ्ठी बहुधा तमिळ वा इंग्रजीत असते. तिच्यावर भागवतराचे नाव आणि आख्यानाचा विषय एवढेच लिहिलेले. ती तशीच सूचीत उतरली, की मुद्रण 'तमिळ हरिकथा' म्हणून नोंदले जाते आणि मराठीच्या अभ्यासकाला त्याचा सुगावा लागत नाही. म्हणून चिठ्ठीचे छायाचित्र जपून, प्रत्येक साकी, दिंडी व अभंग कितव्या मिनिटाला सुरू होतो आणि कोणत्या भाषेत आहे, ही नोंद ध्वनीबरोबरच व्हावयास हवी. ती करणाऱ्याला तमिळ आणि मराठी दोन्ही कानांनी ओळखता आल्या पाहिजेत. आणि यंत्राइतकीच अशी माणसेही आता मोजकी आहेत.