लाच देणाराही गुन्हेगार : सात दिवसांची मुदत लक्षात ठेवा

आपल्या व्यापारात लाचेला कोणी लाच म्हणत नाही. वहीत तिचे नाव ‘चहापाणी’, ‘वरखर्च’ नाही तर ‘किरकोळ’ असते. कापडाच्या धंद्यात इतकी वर्षे काढल्यावर आम्हाला दिसते ते असे, की आपले बरेच व्यापारी बांधव या रकमेला ट्रकच्या भाड्यासारखा एक खर्च समजतात. गुन्हेगार घेणारा, आपण नाइलाजाने देणारे, अशी त्यांची समजूत असते. ती पूर्वी काही अंशी खरी होती. आता नाही.

१९८८ च्या भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात कलम २४ होते. अधिकाऱ्याविरुद्धच्या खटल्यात ‘मी पैसे दिले’ असे सांगणाऱ्यावर त्या जबाबामुळे खटला भरता येत नसे. २६ जुलै २०१८ पासून सुधारित कायदा लागू झाला आणि हे कलम गेले. नव्या कलम ८ प्रमाणे लाच देणे हा स्वतंत्र गुन्हा आहे. शिक्षा सात वर्षांपर्यंत कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही. पैसे स्वतः दिले की दलालामार्फत, याने फरक पडत नाही.

सवलत एकच. ज्याला लाच देणे भाग पाडले गेले त्याने दिल्यापासून सात दिवसांच्या आत पोलिस किंवा तपास यंत्रणेला कळवले, तर तो या कलमाखाली गुन्हेगार ठरत नाही.

या प्रश्नावर अभ्यासकांनीही बराच विचार केलेला आहे. २०११ साली अर्थ मंत्रालयाचे तेव्हाचे मुख्य आर्थिक सल्लागार कौशिक बसू यांनी एक निबंध लिहिला. त्यांचे म्हणणे असे : आपल्या हक्काचे काम अडवून जी लाच उकळली जाते, तिच्यात देणाऱ्याला शिक्षा नसावी, उलट पैसे परत मिळावेत, आणि घेणाऱ्याचा दंड वाढवावा. दोघांनाही शिक्षा असली की व्यवहारानंतर दोघेही तोंड बंद ठेवतात. देणारा मोकळा असेल तर तो तक्रार करील, आणि या धास्तीने अधिकारी मागायलाच कचरेल. ठेका मिळवण्यासाठी दिलेल्या लाचेला मात्र त्यांनी ही सूट दिली नव्हती. ज्याँ द्रेझ यांनी यावर हरकत घेतली, की अशाने लोक बिनदिक्कत लाच देऊ लागतील.

क्लाउस अ‍ॅबिंक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर प्रयोग करून पाहिला, तो २०१४ साली प्रसिद्ध झाला. देणाऱ्याला मोकळे ठेवले तेव्हा मागणी कमी झाली. पण अधिकाऱ्याला उलटून सूड घेता येत असेल तेव्हा हा गुण बराच ओसरला. हे तर भिवंडी-मालेगावचा कोणताही लूमवाला प्रयोगावाचून सांगेल. आज तक्रार केली तरी उद्या त्याच टेबलासमोर उभे राहायचे आहे!

आमच्या मते २०१८ च्या कायद्याची उणीव इथेच आहे. भीतीवर इलाज न करता त्याने फक्त मुदत घातली. आठव्या दिवसापासून अधिकारी आणि व्यापारी एकाच दोरीने बांधले जातात, आणि दोरीचे टोक बहुधा अधिकाऱ्याच्या हातात असते.

भागीदारीच्या पेढ्यांनी कलम ९ आणि १० समजून घ्यावीत. मुनीम, नोकर किंवा एजंटाने पेढीचा फायदा व्हावा म्हणून लाच दिली तर पेढीला दंड होतो. मालकाच्या किंवा भागीदाराच्या संमतीने वा संगनमताने हे झाल्याचे सिद्ध झाले तर त्याला तीन ते सात वर्षे कैद. असे प्रकार रोखण्याची पुरेशी व्यवस्था आपल्याकडे होती, हे पेढीला दाखवता आले तर तिचा बचाव होतो. ‘काहीही करून काम करून आण’ असे एजंटाला सांगणाऱ्यांनी याचा विचार करावा. लाचेची रक्कम प्राप्तिकरात खर्च म्हणूनही वजा होत नाही.

पैसे देण्याआधीच तक्रार करणे सर्वांत सुरक्षित. यंत्रणेला कळवून, तिला मदत म्हणून सापळ्यात दिलेली लाच गुन्हा ठरत नाही, असे कलम ८ मध्येच लिहिले आहे. महाराष्ट्रात लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा टोल फ्री क्रमांक १०६४ आहे. विभाग आधी मागणीची पडताळणी करतो, मग पंचांसमक्ष सापळा लावतो. म्हणून कोणी, कधी, कोणत्या कामासाठी, किती मागितले, हे त्याच दिवशी तारखेनिशी लिहून ठेवावे. न्यायालयात पैसे स्वीकारल्याबरोबरच मागणीही सिद्ध व्हावी लागते. तक्रारदार पुढे फिरला किंवा वारला तरी इतर पुराव्यांवरून ती सिद्ध करता येते, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने डिसेंबर २०२२ मध्ये सांगितले आहे.