तपासणीच्या रांगेबाहेर

खान्देशातली बाई सरकारी दवाखान्यात नीट तपासली जाते ती बहुधा लग्नानंतरच. दिवस गेले की कार्ड निघतं, मग बाळंतपण, तांबी, ऑपरेशन. जळगाव-धुळ्याच्या सिव्हिलपासून साक्री-चोपड्याच्या खेड्यांपर्यंत स्त्रीच्या आरोग्याची वाट अशी संसारातूनच गेली. बाईवर जीव असलेली बाई त्या वाटेवर आली ती कुणाची तरी बायको होऊन, गप्प राहून. लग्न नाकारलेली तर आलीच नाही.

१९९२पासूनच्या एड्स नियंत्रण कार्यक्रमाने पुढे पुरुषांशी संबंध ठेवणाऱ्या पुरुषांना, तृतीयपंथीयांना चाचण्या आणि समुपदेशन दिलं. या बायका त्यात नव्हत्या; त्यांना धोका कमी, असं धरलं गेलं. एचआयव्हीपुरतं ते बरोबरच होतं. पण गर्भाशयमुखाच्या कर्करोगामागचा एचपीव्ही बाईकडून बाईलाही होतो. त्याच्या एका चाचणीने मृत्यू निम्म्यावर येतात, हे २००९ साली जगाला दाखवलं ते आपल्याच उस्मानाबाद जिल्ह्यातल्या खेड्यांनी. तरीही २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात ही तपासणी कधीतरी झालेल्या ३० ते ४९ वयाच्या स्त्रिया देशभरात १.९ टक्के निघाल्या. त्यांत या बायका किती, हे त्या सर्वेक्षणाने विचारलंच नव्हतं.

६ सप्टेंबर २०१८ला समलिंगी संबंध गुन्हा राहिले नाहीत. जळगावचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही त्याच वर्षी सुरू झालं. वाटलं होतं, नवे डॉक्टर तरी वेगळं शिकतील. २०२२मध्ये लैंगिक कल ‘बदलण्याचे’ उपचार हा गैरवर्तनाचा प्रकार ठरला, तेव्हा आशा वाढली. आणि ऑगस्ट २०२४मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या अभ्यासक्रमात समलिंगी स्त्रियांचे संबंध पुन्हा ‘अनैसर्गिक गुन्ह्यां’त आले! ओरड झाल्यावर काही दिवसांतच ते मागे घेतलं. पण ते लिहिणारे हात डॉक्टर घडवणाऱ्यांचेच होते, याचा मला अजून राग आहे.

आशाताईंचा तपासणी-अर्ज तिशीपुढच्या सगळ्यांसाठी आहे. त्यात तंबाखू-मिसरी, छातीतली गाठ, अवेळी रक्तस्राव यांची विचारणा होते, आणि ती बिनलग्नाच्या बाईलाही तितकीच लागू आहे. खरी अडचण पुढे, तपासणीच्या खोलीत येते. ‘लग्न झालंय का?’ याला ‘नाही’ म्हटलं की तपासणी बहुतेक तिथेच थांबते; ‘हो’ म्हटलं की पुढचं कुणी विचारत नाही. सोबत आलेल्या सासूला किंवा आईला बाहेर बसवून, दार लावून, ‘संबंध येतात का, कुणाशी?’ एवढं सरळ विचारायला पैसा लागत नाही, यंत्रही लागत नाही.